कॉफीचा पेला आणि तुरीचे पोते



आजच्या भाषणात कॉफी आहे हे ऐकून काही मंडळींचा हात रेडिओच्या खटक्याकडे गेला असेल. नांदेड-लातूरकडच्या माणसाला कॉफीशी काय देणेघेणे? आपण चहाची माणसे. सकाळी उठल्यावर चहा, मोंढ्यात माल उतरवल्यावर चहा, सोयरीक जुळली तरी चहा आणि मोडली तरी चहाच. शिवाय कॉफीचे झाड आपल्याकडे रुजायचेही नाही. त्याला डोंगराची उंची हवी, सावली हवी, वर्षाकाठी दीड-दोन हजार मिलिमीटर पाऊस हवा. आपल्या पदरी सातशे-आठशे, फार तर नऊशे, आणि तोही त्याच्या मनात आले तर. २०१६ च्या एप्रिल महिन्यात ज्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणून पाजावे लागले, तिथे कॉफीचे मळे डोलतील असे स्वप्न मी तुम्हांला दाखवणार नाही. आपल्या महाराष्ट्रात कॉफी आहे ती चिखलदऱ्याला, सातपुड्याच्या माथ्यावर, अकराशे मीटर उंचीवर. तीही इंग्रजांच्या काळात लावलेली.

मग कॉफीचे नाव काढायचे कारण काय? कारण एवढेच, की लहान शेतकऱ्यांनी मिळून माल विकायचा ठरवला म्हणजे एक अडचण हमखास आडवी येते. ती कॉफीवाल्यांनाही आली आणि त्यांतल्या काहींनी तिच्यातून वाट काढली. ही अडचण भांडवलाची नव्हे, आडत्याचीही नव्हे. ती शेजाऱ्याची आहे.

म्हणजे काय, ते कॉफीकडे जाण्याआधी घरच्याच दोन उदाहरणांनी सांगतो. मांजरेच्या काठचा उसाचा मळा घ्या. गाडी कारखान्याच्या काट्यावर गेली, वजन झाले, पावती हातात पडली. आता माझा ऊस नीट पिकलेला, वेळेवर तोडलेला, आणि शेजाऱ्याचा ऊस कोवळा, पाण्याने फुगलेला. भाव दोघांना एकच. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलला ३५५ रुपये दर ठरवला तो सव्वादहा टक्के उताऱ्यावर. पण तो उतारा साऱ्या कारखान्याचा मिळून धरतात. कोणाच्या उसाने तो चढला आणि कोणाच्या उसाने खाली ओढला, याची नोंद पट्टीवर नसते. चरकात गेल्यावर ऊस सगळा सारखाच होतो.

दुधाचे तसे नाही. संकलन केंद्रावर किटली ओतायच्या आधी नमुना घेतात, फॅट लावतात, एसएनएफ बघतात. ज्याचे दूध दाट त्याचा पैसा जास्त. गुजरातेत खेडा जिल्ह्यातला दूधसंघ १९४६ साली उभा राहिला आणि पुढे अमूल या नावाने वाढला, त्याच्या गावोगावच्या केंद्रांवर हाच शिरस्ता पडला. विधवा बाईची एक म्हैस असो की पाटलाच्या दहा असोत, यंत्र कोणाला ओळखत नाही. यंत्रामागे बसलेल्या माणसावर लक्ष ठेवावे लागते हे खरे. पण तो विषय निराळा.

साखर कारखाना हाही सहकार आणि दूधसंघ हाही सहकार. एकजण सगळ्यांचा माल एकाच हौदात ओततो, दुसरा ओतण्याआधी प्रत्येकाची परीक्षा करतो. उसाच्या गाडीगाडीची अशी परीक्षा करणे सोपे नाही, हेही कारखान्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण जिथे करता येते तिथेही आपण करत नाही, आणि माझे म्हणणे त्याबद्दल आहे.

आता कॉफीकडे वळू. येमेन देशातल्या मोख्याहून बाबा बुडन नावाच्या फकिराने सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरावर लावल्या, अशी कथा दक्षिणेत सांगतात. कथा खरी असो वा नसो, कर्नाटकातल्या त्या डोंगराला आजही बाबा बुडनगिरी म्हणतात. कॉफीचे फळ लहान बोराएवढे. आधी हिरवे, पिकले की लालभडक. आत दोन बिया, सपाट बाजूने एकमेकींना टेकलेल्या, आपल्या तुरीच्या दाण्यात डाळीच्या दोन फाका असतात तशा. गर काढायचा, बी आंबवून धुवायचे, वाळवायचे, वरचे पातळ कवच काढायचे, म्हणजे व्यापाराची कॉफी तयार. सुमारे सहा किलो फळांतून जेमतेम किलोभर दाणा निघतो.

यात गोम अशी, की एका झाडावरची फळे एकदम पिकत नाहीत. कापसासारखे वेचे घ्यावे लागतात, तीन नाही तर चार. लाल तेवढे वेचायचे, हिरवे पुढच्या खेपेला ठेवायचे. मजुरी वाचवायला फांदी ओरबाडली की हिरवे, पिवळे, लाल सगळे एका टोपलीत येते. कच्च्या फळाची कॉफी तुरट होते, आणि वेचलेले फळ दोन दिवस ढिगात पडून राहिले तर आंबूस होते. हे वाळलेल्या दाण्याकडे बघून चटकन कळत नाही. कळते ते पेल्यात. भाकरीच्या पिठात मूठभर जुने पीठ मिसळले तर पहिल्याच घासाला समजते ना, तसेच.

१९४२ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना परदेशचा बाजार बंद झाला आणि मळेवाल्यांची कॉफी पडून राहिली, तेव्हा सरकारने कॉफीचा कायदा केला. घरखर्चापुरती आणि बियाण्यापुरती कॉफी ठेवून बाकीची सगळी कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात द्यायची, बोर्डाने ती विकायची आणि हप्त्याहप्त्याने पैसे वाटायचे, असा नियम झाला. यामुळे लहान मळेवाला व्यापाऱ्याच्या तावडीतून सुटला. पडत्या काळात त्याला आधार मिळाला. ही व्यवस्था वाईट होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण कॉफी एकदा साठ्यात गेली की तिची जात आणि दाण्याचा आकार पाहून प्रत लावत; मळ्याचे नाव काही पोत्याबरोबर पुढे जात नसे. चार वेचे घेणारा आणि फांदी ओरबाडणारा यांच्यात चवीच्या हिशेबाने फार अंतर राहत नसे. मग चार वेचे कोण घेईल? मनुष्यस्वभाव आहे. १९९२ पासून हा नियम टप्प्याटप्प्याने सैल होत गेला आणि १९९६ पर्यंत सगळी कॉफी खुली झाली.

खुली झाली आणि लगेच दुसरे टोक पुढे आले. कॉफी पिकवणाऱ्या आणि घेणाऱ्या देशांनी आपसांत ठरवलेले निर्यातीचे वाटे १९८९ मध्येच मोडले होते. व्हिएतनामने अफाट लागवड केली होती. २००१-०२ च्या सुमारास जगभर भाव असे कोसळले, की कित्येक ठिकाणी वेचणीची मजुरीही सुटेना. ज्याची कॉफी बिननावाच्या पोत्यात होती त्याला त्या पुरात धरायला काडी उरली नाही. सोयाबीनचे भाव लॅटिन अमेरिकेतल्या पिकावर खालीवर होतात, हे अनुभवाने जाणणाऱ्या लातूरच्या शेतकऱ्याला यापेक्षा जास्त समजावून सांगायला नको.

याच काळात आंध्र प्रदेशातल्या अराकू खोऱ्यात एक निराळा प्रयोग सुरू झाला. नांदेडहून विशाखापट्टणमला आगगाडी जाते. तिथून दुसरी गाडी बोगद्यामागून बोगदे ओलांडत पूर्व घाटात चढते आणि हजार मीटर उंचीच्या आसपास अराकूला पोचते. वस्ती आदिवासींची. एकेकाची कॉफी एक-दोन एकर, सिल्व्हर ओकच्या सावलीत, झाडावर मिरीचे वेल चढवलेले. कॉफी तेथे सरकारी योजनांतून लावली गेली होती. पण पिकवणारा ती घरी अंगणात कशीबशी वाळवून येईल त्या व्यापाऱ्याला घालत असे. पिकवणाऱ्यांतल्या पुष्कळांनी कॉफीचा घोट कधी घेतलेला नव्हता.

हैदराबादेत १९९८ साली निघालेल्या नांदी या संस्थेने या लोकांमध्ये काम सुरू केले आणि पुढे शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. तिचे इंग्रजी नाव ‘स्मॉल अँड मार्जिनल ट्रायबल फार्मर्स म्युच्युअली एडेड कोऑपरेटिव्ह सोसायटी’. सभासदाला सही करायला लागणार नाही एवढा वेळ हे नाव वाचायला लागत असेल! पण त्यातले ‘म्युच्युअली एडेड’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आंध्र प्रदेशाने १९९५ साली सहकाराचा एक वेगळा कायदा केला. त्याखाली नोंदलेल्या संस्थेने सरकारचे भागभांडवल घ्यायचे नाही, आणि सरकारने तिच्या कारभारात हात घालायचा नाही. पैसा सभासदांचा, तेव्हा पंचाईतही सभासदांचीच. आपल्याकडे २००३ पासून शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या, त्यांच्यामागेही पुष्कळसा हाच विचार आहे.

अराकूच्या संस्थेने दोन गोष्टी केल्या. घरी वाळवलेला दाणा घेण्याऐवजी झाडावरून काढलेले ताजे, लाल फळ घ्यायला सुरुवात केली आणि गर काढणे, धुणे, वाळवणे ही कामे एका ठिकाणी आणली. लाल फळाला भाव जास्त, म्हणून वेचे वाढले. दुसरी गोष्ट, गावागावाचा माल वेगळा ठेवून त्याची चव घ्यायला जाणकार बोलावले. ‘जेम्स ऑफ अराकू’ म्हणजे अराकूची रत्ने या नावाने तिथे कॉफीची स्पर्धा भरवली जाऊ लागली. परदेशचे परीक्षक येऊन शेतकऱ्यांच्या कॉफीला गुण देऊ लागले. २०१७ साली अराकूच्या नावाने पॅरिस शहरात दुकान निघाले. २०१९ मध्ये अराकूच्या कॉफीला भौगोलिक मानांकन मिळाले. संस्थेशिवाय १९५६ पासूनचे सरकारी गिरिजन सहकारी महामंडळही त्या भागात कॉफी घेते, त्यामुळे शेतकऱ्याला दोन दारे झाली. एक दार बंद असले तर दुसरे ठोठावता येते. तेथील सगळे आदिवासी सुखी झाले, असे मी म्हणत नाही. डोंगरातले दारिद्र्य एका पिकाने हटत नाही. पण जे पोते बिननावाचे होते त्याला नाव आले, आणि ते नाव टिकवायची गरज खुद्द पिकवणाऱ्याला वाटू लागली.

आता चव घेतात कशी, हे ऐका, कारण शिक्षकांच्या उपयोगाचे आहे. टेबलावर सारखे पेले मांडतात. प्रत्येक पेल्यात सव्वाआठ ग्रॅम भरड दळलेली कॉफी आणि दीडशे मिलिलिटर गरम पाणी. दूध नाही, साखर नाही. पाणी ओतायच्या आधी कोरड्या पुडीचा वास घेतात. पाणी ओतल्यावर चार मिनिटे थांबून वर आलेली साय चमच्याने मोडतात आणि पुन्हा वास घेतात. थोडी निवल्यावर चमचाभर घेऊन सुर्रकन ओढतात, असा आवाज करून की आपल्या घरी पोरांना त्याबद्दल धपाटा बसावा. मग गुण देतात, शंभरपैकी. ऐंशीच्या वर गुण पडले तर ती ‘स्पेशालिटी’ म्हणजे खास कॉफी, असा दंडक गेली कित्येक वर्षे जगभर चालत आला आहे. हा शब्द १९७४ साली एर्ना नुटसेन या बाईंनी चलनात आणला. त्या अमेरिकेत कॉफीच्या पेढीवर सेक्रेटरी होत्या. चव घेण्याच्या खोलीत बाईमाणूस नको, म्हणून पुरुष परीक्षक त्यांना आत येऊ देत नसत. त्या शिकल्या आणि पुढे स्वतःच नामांकित पारखी झाल्या.

या सगळ्या पद्धतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट. पेल्यावर शेतकऱ्याचे नाव नसते, आकडा असतो. गुण देऊन झाल्यावर आकड्यामागचे नाव उघडतात.

शेजाऱ्याची अडचण म्हणालो ती हीच. समजा, उद्या आपल्या गावात हळदीची संस्था निघाली. चेअरमन गावचा, सचिव गावचा, सभासद सगळे भाऊबंद नाही तर सोयरे. पहिल्याच दिवशी चेअरमनच्या चुलत्याची हळद आली. कच्ची उकडलेली, मधे पिठूळ राहिलेली, ओलसर जमिनीवर वाळवलेली. आता ‘अप्पा, ही पहिल्या प्रतीत बसत नाही’ असे कोणी म्हणायचे? म्हातारा ताडकन उत्तर देणार, ‘तुझ्या बारशाला मी गूळ वाटला, आणि तू माझी हळद नासकी म्हणतोस?’ चेअरमन गप्प. पोते पहिल्या प्रतीत जाते. ते बघून दुसरा आणतो, तिसरा आणतो. सगळी हळद एका ढिगात, सगळ्यांना एक भाव, आणि तो भाव अर्थातच मधला.

पुढच्या वर्षी काय होते? ज्याची हळद खरोखर चांगली असते तो मनाशी हिशेब करतो, की मोंढ्यात आडत्याकडे बीट लागले तर मला यापेक्षा दोन पैसे जास्त मिळतात. तो गुपचूप आपला माल तिकडे नेतो. संस्थेकडे उरतो तो मधला आणि हलका माल. भाव आणखी उतरतो, मग मधलाही जातो. तिसऱ्या वर्षी गोदामाला कुलूप, आणि पारावर चर्चा, की सहकार आपल्या मातीत रुजत नाही. पदाधिकाऱ्यांनी पैसे खाल्ले असतील असेही लोक म्हणतात. कधी खाल्लेलेही असतात. पण एक पैसा न खाता संस्था अशी बुडू शकते, हे ध्यानात घ्या. तिला बुडवायला भिडस्तपणा पुरतो.

व्यापारी ही भीड बाळगत नाही. तो पोत्यात बंबी खुपसतो, हळकुंड मोडून बघतो, दाताखाली धरतो आणि तोंडावर सांगतो. म्हणून तो आपल्याला दुष्ट वाटतो. प्रत पारखण्याचे काम तोच करतो, आणि त्याचा मोबदलाही तोच खिशात घालतो. पारख संस्थेच्या हातात आली तर तो मोबदला गावात राहील, नाही तर नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाही तर माझे म्हणणे एकांगी होईल. प्रत लावली की गरिबाला आधी चटका बसतो. ज्याच्या घरी आजारपण आहे, सावकाराचा तगादा आहे, तो कॉफीचे चार वेचे घेणार नाही आणि हळद पंधरा दिवस नीट वाळू देणार नाही. त्याला आज रुपये हवेत. म्हणून प्रत लावणाऱ्या संस्थेने माल दारात आल्याबरोबर उचल दिली पाहिजे आणि फरकाचा पैसा विक्रीनंतर वाटला पाहिजे. त्यासाठी पैसा कोठून आणायचा? राज्य पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० च्या सुमारापासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला, तर किमतीच्या पाऊण रकमेपर्यंत कर्ज मिळते, व्याज सहा टक्के, मुदत सहा महिने. तूर, सोयाबीन, हळद या आपल्या जिनसा तिच्यात बसतात. मोंढ्यात जाणाऱ्या दहाजणांना विचारा, यांतल्या किती जणांनी ती वापरली. मला उत्तराची कल्पना आहे, तुम्हांलाही आहे.

आता आपल्या जिनसांकडे येऊ. मार्च-एप्रिल २०२४ च्या सुमारास मराठवाड्यातल्या बऱ्याच वस्तूंना भौगोलिक मानांकन मिळाल्याच्या बातम्या आल्या. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची पटडी चिंच, कास्तीची कोथिंबीर. नांदेडच्या शेजारी हिंगोली जिल्ह्यातली वसमतची हळद. गावांची नावे थेट चेन्नईच्या नोंदवहीत चढली. आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकन म्हणजे भाव नव्हे. १९९९ च्या कायद्याप्रमाणे हे नाव दहा वर्षांसाठी नोंदले जाते, आणि ते पोत्यावर छापायचे असेल तर शेतकऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली निराळी नोंद करावी लागते. गावाला मान मिळाला म्हणून गावातल्या प्रत्येकाला आपोआप हक्क मिळत नाही. आणि हक्क मिळाल्यावरही पोत्यात काय भरायचे, हे काही चेन्नईहून कोणी येऊन बघणार नाही.

बोरसुरीच्या नावाने भलतीच तूर विकली गेली तर पहिल्यांदा गिऱ्हाईक फसेल. दुसऱ्यांदा ते बोरसुरीची डाळ घेणारच नाही, आणि त्यात खऱ्या बोरसुरीच्या शेतकऱ्याचा घास जाईल. दार्जिलिंगचा चहा हे आपल्या देशातले पहिले मानांकन, २००४ सालचे; त्या नावाखाली भलताच चहा खपतो ही तक्रार तिथले मळेवाले वर्षानुवर्षे करत आले आहेत. मोठ्या चहामळ्यांना जे नाव राखणे जड जाते, ते पाच एकरांच्या शेतकऱ्याने एकट्याने राखायचे म्हणजे अशक्यच. तिथे संस्था लागते.

हळदीचेही असेच आहे. वसमत, नांदेड, हिंगोलीकडे सेलम जात फार. नऊ महिन्यांचे पीक. पाच क्विंटल ओल्या हळदीची एक क्विंटल वाळलेली. उकडताना फेस येऊन वास सुटला आणि काडी सहज आत शिरली, की उतरवायची; कमी उकडली तर मधे पांढुरके राहते, जास्त उकडली तर रंग मरतो. इथवर डोळ्याला दिसते. पण औषधाच्या आणि मसाल्याच्या कारखान्याला हवे असते ते कुरकुमीन, आणि ते डोळ्याला दिसत नाही, प्रयोगशाळेत दिसते. बिटाला उभा राहिलेला खरेदीदार हळकुंडाची लांबी आणि चकाकी बघतो. चकाकी पॉलिशच्या ढोलात आणता येते. ज्याच्या शेतातल्या हळदीत कुरकुमीन जास्त आहे त्याला ते ठाऊक नाही, आणि ठाऊक असले तरी बिटात त्याला मोल नाही. अराकूच्या शेतकऱ्याला आपल्या कॉफीची चव ठाऊक नव्हती, त्यातलाच हा प्रकार. दहा-वीस शेतकऱ्यांनी मिळून नमुने तपासून घेतले, ज्यांचा आकडा चांगला त्यांचा माल वेगळा बांधला आणि सोबत तपासणीचा कागद लावला, तर कारखान्याशी सरळ बोलणे करता येते. एकट्याच्या चार पोत्यांसाठी कोणताही कारखाना दारात येत नाही.

तुरीचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामाला क्विंटलमागे ८००० रुपये ठरला. हा भाव सर्वसाधारण प्रतीच्या तुरीचा. ती प्रत म्हणजे ओलावा मर्यादेत, काडीकचरा कमी, किडका दाणा थोडा. डाळ किती लवकर शिजते, वरणाला चव कशी येते, याबद्दल हमीभाव काही बोलत नाही. त्याने बोलावे अशी अपेक्षाही नाही. तो आधार आहे, बक्षीस नव्हे. बक्षीस मिळवायचे तर आधी आपल्या डाळीत काय वेगळे आहे ते आपल्याला आकड्यात सांगता आले पाहिजे. येळवशीला आपण शेतात जेवतो तेव्हा अमक्याच्या वावरातल्या शेंगांची भज्जी न्यारी लागते, हे सगळे गाव बोलून दाखवते. गावाच्या जिभेला पारख आहे. ती कागदावर कोणी मांडलेली नाही, एवढेच.

ती मांडायला गावातल्या शाळेइतकी चांगली जागा दुसरी नाही, म्हणून शेवटची थोडी मिनिटे शिक्षकांसाठी.

गावातल्या पाच घरांतून तुरीची डाळ मागवा, प्रत्येकी अर्धा किलो. याच हंगामाची हवी; जुनी डाळ शिजायला वेळ घेते आणि नव्यावर अन्याय होतो. भरडण्याची पद्धतही पाचांची एकच असावी. घरच्या जात्यावरची आणि गिरणीची पॉलिश केलेली अशी सरमिसळ करू नका. पाच पाकिटांवर एक ते पाच आकडे घालायचे, आणि कोणता आकडा कोणाचा हे एका विद्यार्थ्याने चिठ्ठीवर लिहून ती बंद करून मुख्याध्यापकांकडे द्यायची. तो विद्यार्थी मग त्या दिवशी चव घ्यायला बसणार नाही. पाच सारखी पातेली, सारखी आच, प्रत्येकात शंभर ग्रॅम डाळ आणि मोजून तेवढेच पाणी. कुकर नको, कारण झाकणाखाली काय चालले ते दिसत नाही. मीठ, हळद, तेल काही घालायचे नाही. वीस मिनिटांनंतर दर पाच मिनिटांनी दोन दाणे चिमटीत दाबून बघा. मधे कडक कणी लागली नाही की वेळ लिहून ठेवा. मग दहा मुलांनी आणि शक्य तर गावातल्या चार वयस्क बायकांनी चमचाभर वरण चाखून दहापैकी गुण द्यावेत, एकमेकांशी न बोलता. बायकांना अवश्य बोलवा. वरणाची पारख त्यांच्याइतकी कोणाला नाही, आणि एर्नाबाईंना दारात अडवणाऱ्यांची चूक आपण करायला नको. हा प्रयोग तीन वेगवेगळ्या दिवशी करा आणि तिन्ही दिवसांचे आकडे एका तक्त्यात मांडा. सरासरी काढणे हा पाचवी-सातवीच्या मुलांना गणिताचा चांगला धडा होतो.

एक काळजी घ्या. पाचही पातेल्यांना पाणी एकाच ठिकाणचे घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच बोअरचे पाणी जड असते, त्यात डाळ शिजता शिजत नाही. त्याच डाळीला हलके पाणी दिले तर ती लवकर उतरते. तेव्हा एकाला बोअरचे आणि दुसऱ्याला टाकीचे असे झाले, तर परीक्षा डाळीची न होता पाण्याची होईल. बंद चिठ्ठी तिसऱ्या दिवशीचे गुण फळ्यावर लिहून झाल्यावर उघडायची, आणि ज्यांची डाळ होती त्या पाचही घरच्या मंडळींना त्या वेळी वर्गात बोलवायचे.